तळहातातले पंधरा वॉट

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने सांगितलं, की भिगवणला एक जण हातातले गेमिंग कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करतो. म्हणजे मोबाइल नव्हे. सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि जॉयस्टिक, आणि आत विंडोज किंवा लिनक्सवर चालणारा पुरता संगणक. शहरातल्या दुकानदारांनी ‘कंपनीकडेच पाठवा’ म्हणून हात वर केले, की शनिवारी गावी येणारी पोरं ही यंत्रं त्याच्यापुढे आणून ठेवतात. या यंत्रांबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कोरं यंत्र खोक्यातून काढणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. वर्ष-दोन वर्षं इंदापूर तालुक्यातल्या हवेत वापरलेलं यंत्र आतून कसं दिसतं, ते मला बघायचं होतं.

भिगवण म्हटलं की पुणेकरांना उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी आणि चिलापीची थाळी आठवते. हा गाळा त्या वाटेवर नाही. पुढच्या बाजूला मोबाइलची कव्हरं, चार्जर, स्क्रीनगार्ड. मागे टेबल, त्यावर निळी रबरी चटई, भिंगाचा दिवा, हॉट एअर गन, आणि चार्जरच्या वायरमध्ये अडकवायचा एक काडेपेटीएवढा मीटर. यंत्र किती वीज खातंय, ते हा मीटर दाखवतो. हवेत फ्लक्सचा, जळक्या राळेसारखा वास. माणूस तिशीचा. जवळच्याच वस्तीवर राहतो, आयटीआय केलेला आहे, बोलताना नजर कामावरून हलत नाही.

समोरच्या यंत्राचा मालक शेजारी स्टुलावर बसला होता. बापाने उसाचं बिल आल्यावर घेऊन दिलेलं. तक्रार अशी, की पंखा किंचाळतो, हात भाजतात आणि चार्जिंग टिकत नाही. “पुण्यात गाडीत बसलो की दौंडला खलास होतंय दादा.”

मागचे स्क्रू काढून झाकण उचललं. आतली निम्मी जागा एका काळ्या, चपट्या बॅटरीने व्यापलेली. उरलेल्या जागेत एक पंखा, तांब्याची चपटी नळी आणि तिच्या टोकाला तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी. चिपची उष्णता नळीतून जाळीपर्यंत येते आणि पंखा ती वरच्या फटीतून बाहेर फेकतो. फट वरच्या कडेला असते, कारण खालून आणि बाजूंनी माणसाचे पंजे असतात. लॅपटॉप तापला तर टेबल तापतं. हे यंत्र दोन तळहातांच्या मध्ये तापतं, आणि त्याची सगळी आखणी या एका अडचणीभोवती फिरते.

त्याने ब्रशने जाळी झाडली. चटईवर काळे, हलके कपटे पडले. मी धूळ म्हणालो.

“धूळ न्हाई सर, पाचट हाय ही. पुण्याच्या मशिनीत धूळ निघती, हितल्या मशिनीत पाचट निघतं.”

ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटवतात आणि त्याची काजळी मैलभर उडते. अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसलेली मी पाहिली होती. आता ती तांब्याच्या पात्यांमध्ये अडकलेली दिसली. कपटा बोटांत चुरडला तर जळक्या गोडसर उसाचाच वास आला. कुठल्याशा थंड प्रयोगशाळेत आखलेल्या या पंख्याला उसाच्या फडाची हवा ओढावी लागेल, याचा हिशेब तिथे कोणी केला असेल असं वाटत नाही.

साफसफाई, जुनी पेस्ट पुसणं, नवी लावणं, हे सगळं तो सवयीने उरकतो. मला थांबवून धरलं ते त्यानंतरच्या कामाने. झाकण न लावताच त्याने यंत्र सुरू केलं, मीटर जोडला, मोटारींच्या शर्यतीचा एक गेम लावला आणि सेटिंगमधली विजेची पट्टी पुढेमागे सरकवू लागला.

“ह्येला पंधरा वॉट पचत्यात. त्याच्या वर नुसती आग.”

हा आकडा तो दिवसभर बोलत राहिला. पंधरा. गिऱ्हाईक कोणतंही असो, यंत्र कोणतंही असो, बोलणं फिरून पंधरावर यायचं. मला आधी ती त्याची लकब वाटली. नंतर कागदावर मांडून पाहिलं. बॅटरीवर ४० वॉट-तास असं छापलेलं होतं. चिपला २५ वॉट दिले, आणि पडदा, पंखा, वायफाय, मेमरी मिळून सात-आठ वॉट धरले, तर ४० वॉट-तास सव्वा तासाच्या आतच संपतात. पुण्याहून सुटलेली एक्सप्रेस तेवढ्याच वेळात दौंडला येते. पोरगा खोटं बोलत नव्हता. चिपला १५ दिले तर पावणेदोन तास मिळतात, म्हणजे गाडी भिगवणला पोचते. आणि १० वर आणलं तर सव्वादोन तास.

आता कोणीही विचारेल, की २५ वॉटमध्ये गेम तेवढ्याच पटीने चांगला चालत असेल ना? तर नाही. चिपचा वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. वरच्या टोकाला थोडासा वेग मिळवायला भरमसाट वीज जाते आणि तिची उष्णता होते. त्याने तेच करून दाखवलं. पट्टी १५ वरून २५ वर नेली. पडद्याच्या कोपऱ्यातला, सेकंदाला किती चित्रं उमटतात ते सांगणारा आकडा थोडा वर सरकला, पंख्याचा आवाज मात्र गाळ्याच्या दारापर्यंत गेला.

२०२२च्या फेब्रुवारीत वॉल्व कंपनीने स्टीम डेक बाजारात आणलं तेव्हा चिपची मर्यादा ४ ते १५ वॉट एवढीच ठेवली. पडदाही १२८० बाय ८०० ठिपक्यांचा. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, की मोबाइलला याहून दाट पडदा असतो. पण सरळ गुणाकार करा. तिथे एका चित्रात १०,२४,००० ठिपके रंगवायचे आहेत. पुढच्या वर्षी आलेल्या असूसच्या रॉग अलायमध्ये, तेवढ्याच सात इंचांत, १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके आहेत. लेनोवोच्या लीजन गोमध्ये पावणेनऊ इंचांवर ४०,९६,०००. ठिपके दुप्पट, चौपट. आणि ते रंगवायची वीज तळहातातल्या त्याच बॅटरीतून. दाट पडद्यावर अक्षरं कोरीव दिसतात, आणि गेम कमी ठिपक्यांवर चालवायची सोयही असते, हे खरं. तरीही मी स्टीम डेकवाल्यांच्या बाजूचा आहे. सात इंचांत डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या दाटपणासाठी वाटेतला अर्धा तास देणं मला पटत नाही.

मग बॅटरीच मोठी का घालत नाहीत? घालतात. रॉग अलाय ६०८ ग्रॅमचं होतं, बॅटरी ४० वॉट-तासांची. २०२४मध्ये त्याचंच अलाय एक्स आलं, त्यात थेट ८० वॉट-तास. वजन ६७८ ग्रॅम झालं, अंग जाड झालं आणि किंमतही चढली. त्या ७० ग्रॅममध्ये मिळालेला दुप्पट दम मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा सौदा वाटतो. याच्या फार पुढे मात्र जाता येत नाही. १०० वॉट-तासांवरची बॅटरी विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते. शिवाय मनगटंही आहेत. लीजन गो दोन्ही कंट्रोलरसकट ८५४ ग्रॅम भरतं. आडवं पडून अर्धा तास छातीवर धरून बघा.

हा तिढा नवाही नाही. १९८९मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, चारच छटांचा होता, मागे दिवादेखील नव्हता. रंगीत, उजळ पडदे त्या काळातही बनत होते. सेगाच्या गेम गिअरमध्ये तसा होता, पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा. तो घडवणारे गुन्पेई योकोई जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रच नव्या खेळासाठी वापरावं या मताचे होते. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले. खिसा, सेल आणि पोराचा हात यांना काय पेलेल ते आधी बघायचं आणि चित्राचा विचार त्यानंतर करायचा, हा क्रम मला आजही योग्य वाटतो.

भिगवणचा हा माणूस योकोईंचं नाव जाणत नाही. त्याचं शहाणपण उघडलेल्या यंत्रांतून आलेलं. कोणती जॉयस्टिक टिकते असं विचारलं तर त्याने दोन काढून दाखवल्या. एकीत कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारं टोक. ते झिजलं की बोट न लावता गेममधला माणूस आपोआप चालू लागतो. दुसरीत लोहचुंबक असतं, काहीच घासत नाही. चुंबकाची महाग, पण परत येत नाही. “परत न्हाई आली तर माझा धंदा बुडतो,” असं म्हणत तो गिऱ्हाइकाला चुंबकाचीच घ्यायला सांगत होता.

त्याचा खरा राग आहे तो चिकटवलेल्या बॅटरीवर आणि बोर्डावर कायमच्या बसवलेल्या मेमरीवर. मेमरी चिपलगत डकवली की वेग मिळतो, जागा वाचते, वीजही वाचते. पण १६ जीबीचं यंत्र मरेपर्यंत १६ जीबीचंच राहतं. एसएसडी तेवढी बदलता येते. स्टीम डेकचे सुटे भाग वॉल्वने आयफिक्सिटमार्फत विकायला काढले, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. पण भारतात त्या यंत्राची अधिकृत विक्री नसल्यामुळे भाग बाहेरून मागवावे लागतात, आणि ते यायला लागणारा वेळ गिऱ्हाइकाला सोसत नाही.

पोराचं म्हणणं वेगळं होतं. “पैसे पंचवीसचे दिलेत, मग पंधरा का वापरायचे?” रॉग अलाय भारतात आलं तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. कोणत्याही कंपनीचं असो, या जातीचं यंत्र घेणं म्हणजे घराला मोठा खर्च. त्या घरातल्या पोराने हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. जाहिरातीत त्याला वरचा आकडा दाखवला होता. तो आकडा यंत्र किती वेळ पेलेल, हे त्याच अक्षरात शेजारी छापायला हवं. वाहनाच्या कागदावर मायलेज असतं, तसं किती वॉटवर किती तास हे इथेही असलंच पाहिजे.

दुकानदाराने वाद घातला नाही. झाकण बसवलं, पट्टी बारावर आणली आणि चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर बांधली. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. पूर्ण भरलेली लिथियमची बॅटरी तशा उन्हात लवकर म्हातारी होते, आणि फुगली तर पडदाच उचलते. तशा फुगलेल्या दोन बॅटऱ्या त्याने वाळूच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या.

पोराने यंत्र हातात घेतलं, पंखा ऐकला, पट्टीकडे पाहिलं.

“घरी चार्जरला लावल्यावर पंचवीस करू का दादा?”

“कर की. तवा बॅटरीचं काय जातंय. फकस्त फडाकडनं तोंड फिरवून बस, आन् दर हंगामाला जाळी झाडून घेऊन जा. दोनशे द्या.”