मोटारीतला सूर सुधारताना...

भंडारा, प्रतिनिधी

भंडारा ते नागपूर हे अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरचे. नोकरी, शिक्षण, व्यापार आणि औषधोपचार यांसाठी महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्यांचे दिवसाकाठी दोन-अडीच तास मोटारीतच जातात. या प्रवासात संगीताची सोबत असतेच. मात्र मोटारीसोबत मिळालेला संच थोड्याच दिवसांत फिका वाटू लागतो. वेग वाढला की तबला हरवतो, आवाज वाढवला की गायकाचा स्वर फाटतो. मग दुकान गाठले जाते, डिकीत भलामोठा सबवूफर बसवला जातो आणि हजारो रुपये खर्चूनही मोटारीत दणदणाटाखेरीज हाती काही लागत नाही. खर्चाचा क्रम चुकला की असे होते. हा क्रम समजून घेतला, तर निम्म्या खर्चात दुप्पट समाधान मिळू शकते. शिवाय चुकीच्या जोडणीतून उद्भवणारा आगीचा धोकाही टळतो.

कारखान्यातील संच साधा का?

मोटार तयार करणारी कंपनी प्रत्येक सुट्या भागाचा पैशापैशाने हिशेब करते. ग्राहक इंजिन, मायलेज आणि एअरबॅग यांची चौकशी करतो. स्पीकरचा पडदा कागदाचा आहे की आणखी कशाचा, हे तो विचारत नाही. त्यामुळे स्वस्त प्रकारच्या मोटारींत हलक्या चुंबकाचे, पातळ कागदी पडद्याचे स्पीकर बसविले जातात. मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली, त्या काळी बहुतेक मालक कॅसेट प्लेअर बाजारातूनच बसवून घेत. आता समोर मोठा स्पर्शपडदा दिसतो, पण त्यामागचे ध्वनियंत्र आणि दरवाजातील स्पीकर पुष्कळदा साधेच असतात.

पन्नास वॅटचे गूढ

खोक्यावर '४ x ५० वॅट' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हा आकडा कोठून येतो, हे पाहण्यासारखे आहे. इंजिन सुरू असताना मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब मिळतो आणि सर्वसाधारण स्पीकरचा रोध ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागले की ५१.८ येतात. हेच ते पन्नास वॅट. परंतु हा हिशेब पूर्णपणे फाटलेल्या, चौकोनी लहरीचा आहे. स्वच्छ, गोलाईदार लहरीसाठी याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २५ वॅट ही सैद्धांतिक कमाल मर्यादा ठरते. प्रत्यक्षात १५ ते २० वॅटच हाती येतात. म्हणून खरेदी करताना 'कमाल' किंवा 'पीक' वॅट विचारू नयेत. 'आरएमएस' वॅट विचारावेत.

दुसरी बाब म्हणजे वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केली तर केवळ ३ डेसिबल वाढतात आणि कानाला हा फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ८६ ऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडणे हे दुप्पट ताकदीचा ॲम्प्लिफायर घेण्यासारखेच आहे, तेही अत्यल्प खर्चात. ही संख्या स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेली असते. ती वाचण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

पहिला खर्च पुढच्या दरवाजांवर

संगीत समोरून यावे, अशी आपल्या कानांची अपेक्षा असते. मैफलीत आपण गायकाकडे पाठ करून बसत नाही. म्हणून पहिला खर्च पुढच्या दोन दरवाजांतील स्पीकरवर करावा. बहुतेक मोटारींत येथे साडेसहा इंची स्पीकर बसतो. त्यात दोन प्रकार असतात. 'कोॲक्सियल' प्रकारात उंच स्वरांचा छोटा ट्विटर मोठ्या स्पीकरच्या मध्यभागीच असतो. हा बसविण्यास सोपा आणि स्वस्त. 'कॉम्पोनंट' प्रकारात ट्विटर वेगळा असून तो आरशाजवळच्या कोपऱ्यात बसवता येतो. त्यामुळे स्वर गुडघ्याजवळून न येता समोरच्या काचेच्या उंचीवरून येत असल्याचा भास होतो. मागच्या स्पीकरना अखेरचा क्रम दिला तरी चालते. मागे बसणारी मंडळी नेहमीची असतील, तरच त्यांचा विचार आधी करावा.

पितळेच्या गुंडाचा धडा

भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. पितळेच्या रिकाम्या गुंडावर टिचकी मारली की तो खणखणतो. त्यावर तळहात टेकवला की नाद तत्काळ थांबतो. मोटारीचा दरवाजा हाही पातळ पत्र्याचा पोकळ गुंडच आहे. स्पीकर थरथरला की पत्राही थरथरतो आणि मूळ सुरात स्वतःचा खणखणाट मिसळतो. त्यातच आतील पत्र्याला मोठी भोके असतात. स्पीकरच्या मागची लहर त्यातून बाहेर येऊन पुढच्या लहरीला मारक ठरते आणि खर्जाचा स्वर जागीच विरतो.

यावर उपाय म्हणजे दरवाजाच्या आतून ध्वनिरोधक पट्ट्या चिकटविणे व भोके बुजविणे. हे काम म्हणजेच पत्र्यावर ठेवलेला तळहात! त्यामुळे महामार्गावरील टायरांची घरघरही काहीशी कमी होते. मात्र पट्ट्यांची निवड विदर्भातील उन्हाळा लक्षात घेऊन करावी. पारा ४५ अंशांवर गेला की उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. डांबरमिश्रित स्वस्त पट्ट्या अशा वेळी मऊ पडून सुटतात आणि मोटारभर वास पसरतो. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या ब्युटाइल रबराच्या पट्ट्या अधिक टिकतात. दरवाजाच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे मात्र कदापि बुजवू नयेत. अन्यथा झडीच्या दिवसांत पाणी आतच साचून पत्र्याला गंज चढतो.

पडदा बदलावा का?

पूर्वी संच काढून दुसरा बसविणे सोपे होते, कारण जागा ठराविक मापाची असे. आज समोरच्या पडद्याशी मागचा कॅमेरा, स्टीअरिंगवरील बटने आणि कित्येकदा वाहनाच्या सेटिंग्जही जोडलेल्या असतात. तो बदलला तर यांतील काही सुविधा बंद पडू शकतात. स्वतंत्र ॲम्प्लिफायर जोडण्यासाठी पडदा काढावाच लागतो, असे नाही. स्पीकरच्या तारांतूनच संकेत घेणारे ॲम्प्लिफायर बाजारात उपलब्ध आहेत.

जोडणी करताना मूळ तारा कापू न देता तयार 'कपलर' वापरण्याचा आग्रह धरावा. तारा कापल्या की वायरिंगशी संबंधित बिघाडाची वॉरंटी नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. कपलरने केलेली जोडणी हवी तेव्हा पूर्ववत करता येते व मोटार विकताना जुना संचही परत बसवता येतो.

खरा धोका तारेत

ॲम्प्लिफायर आला की विजेचा हिशेब आला. ५०० वॅट आरएमएसचा ८० टक्के कार्यक्षमतेचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालला, तर तो बॅटरीकडून सुमारे ६२५ वॅट, म्हणजे ४५ अँपिअर प्रवाह ओढतो. संगीत सतत या पातळीवर नसते हे खरे; पण तार आणि फ्यूज यांची निवड कमाल प्रवाह गृहीत धरूनच करावी लागते.

बॅटरीपासून मागे जाणारी तार इंजिनाच्या खोलीतून लोखंडी भिंतीतील छिद्रातून आत येते. तेथे रबरी कडे नसेल, तर पत्र्याच्या धारेने आवरण हळूहळू कापले जाते. एके दिवशी उघडी तार सांगाड्याला टेकते आणि बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह ओतते. तार लालबुंद होण्यास वेळ लागत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तो ॲम्प्लिफायरजवळ असून भागत नाही, कारण फ्यूजने रक्षण करायचे असते ते मधल्या लांबलचक तारेचे. तार शुद्ध तांब्याची आहे ना, हेही पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते, पण तेवढाच प्रवाह वाहण्यासाठी ती अधिक जाड असावी लागते.

काचेशेजारच्या खांबांत आणि आसनांखाली एअरबॅगच्या तारा असतात. त्यांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. तेथे ट्विटर किंवा आसनाखालचा सबवूफर बसवताना या तारांना हात लागता कामा नये. विद्युत मोटारींतील नारिंगी तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांपासून तर चार हात दूरच राहावे.

नव्या संचाची नोंद विमा कंपनीकडे करणेही गरजेचे आहे. मोटारीच्या मूळ किमतीत समाविष्ट नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घेता येते. नोंद नसेल, तर चोरीनंतर भरपाई मागणे अवघड होते.

चालकाच्या कानाशी मेळ

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे उजवा स्पीकर त्याला जवळ आणि डावा लांब पडतो. हा फरक अर्ध्या मीटरचा असेल, तर उजवा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सारे संगीत उजव्या दरवाजाला चिकटल्यासारखे वाटते. चांगल्या संचात जवळचा स्पीकर तेवढ्या अवधीने उशिरा वाजविण्याची सोय असते. ती आपल्या संचात असेल, तर नवी खरेदी करण्यापूर्वी अर्धा तास तिच्यासाठी द्यावा.

मूळ ध्वनिमुद्रणच निकृष्ट असेल, तर उत्तम स्पीकर त्यातील दोषच अधिक स्पष्टपणे ऐकवतो. एफएमची खरखरही स्पीकर बदलून जात नाही. एफएम लहरी साधारणपणे दृष्टिरेषेतच जातात. प्रक्षेपण केंद्रापासून दूर जाताना त्या क्षीण होणारच. तेथे अँटेना व तिची जोडणी तपासावी.

कान, कायदा आणि जंगल

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्म्याने घटते. बंद काचांच्या मोटारीत ही मर्यादा केव्हा ओलांडली गेली, ते कळतही नाही. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नसेल, तर आवाज नक्कीच जास्त आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आणि नागझिरा, कोका किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्या जंगलात शिरताना संच बंदच ठेवावा. तेथील मैफल वेगळी असते आणि तिचे श्रोते आपण असतो.

दुकानात जाताना

आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. पखवाज, टाळ आणि तानपुरा असलेला एखादा अभंग उत्तम. पखवाजाचा घुमारा, टाळांची किणकिण आणि तानपुऱ्याची अखंड आस हे तिन्ही वेगवेगळे ऐकू आले, तर स्पीकर चांगला. सर्व केवळ मोठ्याने ऐकू आले, तर पैसे खिशातच ठेवावेत. आधी पुढचे स्पीकर, मग दरवाजे, नंतर ॲम्प्लिफायर आणि सरतेशेवटी हवाच असेल तर छोटा सबवूफर, असा क्रम ठेवावा. प्रत्येक पायरीनंतर महिनाभर ऐकून पाहावे. अनेकांची पुढची पायरी चढण्याची गरज दुसऱ्या टप्प्यावरच संपते.