तीन बाजूंनी खरवडलेली तार

सोलापूर-धुळे महामार्गावरचं चौसाळा हे बीड तालुक्यातलं बाजाराचं गाव. शेतपंपाच्या मोटारी जळतातच, त्यामुळे अशा गावांच्या आसपास रिवायंडिंगचं दुकान सापडतंच. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी प्रयोगशाळेच्या कपाटाआधी या दुकानाची ओळख करून घ्यावी. तांब्याच्या तारेचा हातभर तुकडा तिथं मिळतो. त्याला टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या ट्यूबचं रबर आणि एक चुंबक जोडलं की वर्गात विजेची मोटार फिरते.

ही मोटार महाराष्ट्रभर पोहोचवली अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्याच्या टेल्कोत नोकरी. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या शाळांसाठीच्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथं आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करू लागले. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडला लोहार कैची का लावतो, ते पोराला बोटांनी कळतं. पुढे 2003 ते 2014 या काळात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांच्या छोट्या फिती केल्या आणि इंटरनेटवर फुकट ठेवल्या. मराठीतही. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते मराठी मुलखातल्या विज्ञान शिक्षकांचं सगळ्यात मोठं दूरस्थ प्रशिक्षण हेच. त्याला ना हजेरीपट होता, ना प्रमाणपत्र.

पण फीत पाहून केलेली मोटार पहिल्यांदा बहुधा फिरत नाही. माझीही फिरली नव्हती. तारेवर इनॅमलचा थर असतो. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवर तो तीन बाजूंनी खरवडायचा आणि एक बाजू, दोन्हीकडे तीच, तशीच ठेवायची. फितीत हे काही सेकंदांत होऊन जातं. सगळा थर काढला, तर अर्ध्या फेरीनंतर बल उलट लागतं आणि वेटोळं जागीच डुलत राहतं. एक बाजू झाकलेली असली की नेमक्या त्या वेळी वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगानं पुढं सरकतं. न फिरणारी मोटार हातात धरून ज्याने हे शोधलं, तोच मुलाच्या बंद मोटारीपाशी शांतपणे बसू शकतो.

होशंगाबादने हे ओळखलं होतं. 1972 मध्ये तो कार्यक्रम 16 शाळांत सुरू झाला. मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षक करत, आणि दर महिन्याच्या बैठकीत फसलेल्या प्रयोगांवर बोलत. 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला, हे मला आजही पटत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाला शिक्षकाकडून वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. 'दीक्षा'सारख्या ऑनलाइन व्यासपीठामुळे त्यातले बरेच तास आता पडद्यावर होतात. बीडच्या शिक्षकासाठी ही सोय मोलाची आहे, पुण्याची खेप वाचते. मात्र पडद्यासमोर बसताना टेबलावर तार आणि सेल हवेत. सगळं सामान मुठीत मावतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या पोराच्या खिशातही ते जाऊ शकतं.

केंद्रप्रमुखांना एकच विनंती: पुढच्या शिक्षण परिषदेला प्रत्येकाला आपली मोटार घेऊन यायला सांगा. फिरत नसेल, तरी घेऊन या म्हणावं.