नवा कॅमेरा आणि वाटाण्याचे रोप

समजा येवल्यात एक लग्न आहे. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, वधूवरांनी एकमेकांना हार घातले. सारे जेमतेम मिनिटभरात आटोपले. ‘भटजीबुवा, फोटो बिघडला, अंतरपाट पुन्हा धरा’ असे काही फोटोग्राफरला म्हणता येत नाही! म्हणूनच कालच विकत आणलेले कोरे भिंग शहाणा फोटोग्राफर आज लग्नाला नेत नाही. आधी तो त्या भिंगाची परीक्षा घेतो.

येवल्यात या परीक्षेची प्रश्नपत्रिका मागावरच विणून मिळते. ती म्हणजे पैठणी! ती भिंतीवर ताणून लावा आणि कॅमेरा तिवईवर बरोबर समोर ठेवा. पैठणीचा काठ सरळ असतो. तो चित्राच्या कडेशी येईल असे पाहा. फोटोत तोच काठ पोट सुटल्यासारखा बाहेर वाकलेला दिसला, तर दोष विणकराचा नव्हे, भिंगाचा. आता एकसारख्या दोन बुट्ट्या निवडा, एक मध्यावरची आणि एक कोपऱ्यातली. मधली रेखीव आणि कोपऱ्यातली पुसट आली तर भिंगाचे छिद्र थोडे लहान करून पुन्हा फोटो घ्या. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण बहुधा नीट एका ठिकाणी जुळत नाहीत. छिद्र लहान केले की ते अडवले जातात आणि बुट्टी सुधारते. पण प्रकाशही कमी होतो, हे विसरू नका.

आजच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांची जाळी असते. रेशमाच्या धाग्यांचीही जाळीच. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरल्या की लहरी दिसतात ना? तशाच लहरी कधी कधी पैठणीच्या फोटोत उमटतात. कापडावर त्या शोधून सापडणार नाहीत! उलट धूपछाँव पैठणीचा रंग कोन बदलला की खरोखरच बदलतो, कारण तिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. तेथे कॅमेऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. संक्रांतीला येवल्याच्या आकाशात पतंग दिसू लागले की आणखी एक परीक्षा घेता येते. आसारीवरून सुटलेला मांजा उजळ आकाशासमोर टिपा. त्याच्या कडेला जांभळी किनार आली तर समजा, की हे भिंग सगळ्या रंगांचे किरण एका जागी आणू शकत नाही.

आता याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या एका छायाचित्रकाराने नव्या कॅमेऱ्याची परीक्षा कशी घेतली ते पाहा. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाने छायाचित्रकार होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यातही काम केले. १९१२ साली आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यम्सन कंपनीचा चलच्चित्रणाचा कॅमेरा घेऊन परतले. घरची पुंजी त्यात गेली होती. चित्रपट काढायला तर आणखी पैसा हवा होता, आणि हा माणूस ते काम करू शकेल यावर विश्वास कोणी ठेवावा?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखला. महिनाभराहून अधिक काळ ते थांबून थांबून एकेक चित्र घेत राहिले. तयार झालेली फिल्म पडद्यावर मिनिटभरच चालली. पण त्या मिनिटात अंकुर फुटला, वाढला आणि त्याचा वेल झाला! ‘अंकुराची वाढ’ हेच त्या चित्रणाचे नाव. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

रोज एकच चित्र घेतले, असे या प्रयोगाच्या वर्णनांत वाचायला मिळते. जरा पाटी घ्या बरे! त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. म्हणजे मिनिटाला ९६० चित्रे झाली. रोज एक या हिशेबाने ३० दिवसांत ३० चित्रे होतील, आणि ती दोन सेकंदांत संपतील! मिनिटभराची फिल्म हवी तर रोज ३२ चित्रे घ्यावी लागतील, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक. रात्र वगळली तर त्याहूनही लवकर लवकर. छापलेले वाक्यही असे कधी कधी तपासून पाहावे.

मला यातली खरी खुबी कुंडीत दिसते. रोप वाढते, कुंडी वाढत नाही. पडद्यावर कुंडी थरथरली तर फिल्म प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच सरकली नाही, किंवा कॅमेऱ्याला धक्का लागला. कुंडी कधी उजळ, कधी काळवंडलेली दिसली तर प्रकाशाचा अंदाज चुकला. परीक्षा आणि तिचे माप, दोन्ही एकाच चित्रात!

हा प्रयोग तुम्हाला मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही करता येईल. मोबाइल दर वेळी त्याच जागी बसेल असा लाकडी खोबणीचा आधार करा. खिडकीचा प्रकाश दिवसभर बदलतो, म्हणून बंद खोलीत एकच दिवा ठेवा. मात्र रोपाला उजेड पुरेसा मिळू द्या. वाटाण्याऐवजी मूग पेरलात तर अंकुर लवकर दिसेल. आणि कुंडी मात्र जागची हलवू नका, पाणी घालतानासुद्धा नाही.