लोखंडाच्या गावात गंजलेली पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी बनायची थांबली ती २०००-०१च्या सुमारास. छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० रोजी आणि रायपूर राजधानी बनलं. त्यामुळे रायपुरात एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली, टायर जमिनीला टेकलेल्या अवस्थेत पद्मिनी उभी दिसली, तर तिच्या पाटीवर बहुधा जुना मध्य प्रदेशचा नंबर असतो, क्वचित महाराष्ट्राचा. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी या भागांत मराठी घरं जुनी आहेत. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस इथे आहे आणि १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपुरातूनच चालत होता. मुंबईची मोटार नागपूरमार्गे इथे येऊन पोचली यात नवल काही नाही.

अशी गाडी घरच्या घरी पुन्हा उभी करायचा नाद ज्यांना लागतो, त्यांतले बहुतेक जण पहिला हात घालतात तो इंजिनाला. बॅटरी आणायची, कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल ओतायचं, धूर सोडत इंजिन सुरू झालं की पेढे वाटायचे. मला यात काही राम वाटत नाही. पद्मिनीचं इंजिन हा तिचा सर्वांत सोपा भाग. ती पुन्हा रस्त्यावर येणार की भंगारात जाणार, याचा निकाल पत्र्यात लागतो.

हे समजायला गाडीचं घराणं थोडं पाहावं लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींत उडी घेतली. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कारखाना कुर्ल्याला उभारला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ गाड्यांपासून झाली. पन्नाशीच्या दशकात फियाटशी हातमिळवणी झाली. १९५४ पासून फियाट ११०० इथे बनू लागली. गोलमटोल अंगाची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ही गाडी लोकांत 'डुक्कर फियाट' म्हणूनच ओळखली गेली. १९६४ मध्ये तिच्या जागी ११००डी आली, १९७२ मध्ये तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. इटलीत ११००डीचं आयुष्य चार वर्षांचं, १९६२ ते १९६६. आपल्याकडे तेच अंग पस्तीसेक वर्षं निघत राहिलं. स्पर्धा नव्हती, परवाना होता आणि नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहणारी गिऱ्हाइकं होती. बदलायची गरज कुणाला? ग्राहकावर हा अन्यायच होता. पण आज पाना हातात घेऊन बसलेल्याला त्याच अन्यायाचा फायदा मिळतो, कारण १९६८ च्या गाडीचे कितीतरी भाग १९८८ च्या गाडीतून उचलून लावता येतात.

या गाडीला बस-ट्रकला असते तशी वेगळी चासी नाही. फियाटच्या दान्ते जाकोसा या इंजिनिअरने १९५३ मध्ये ११०० चा नवा अवतार आणला, त्यात अंग हेच सांगाडा केलं. तळ, दरवाजांखालच्या पोकळ पेट्या, खांब, छत हे सगळं वेल्डिंगने एकमेकांत बांधलेलं. गाडी हलकी झाली, नऊशे किलोच्या आतबाहेर. पण त्यामुळे गंज म्हणजे नुसता कातडीचा रोग राहत नाही. दरवाजाखालची पेटी आतून सडली की गाडी मधोमध बसते. ओळखायची पद्धत साधी आहे. चारही दरवाजे आधी उघडझाप करून पाहायचे, मग मागच्या चाकापाशी जॅक लावून गाडी उचलायची आणि पुन्हा दरवाजा लावून पाहायचा. आधी नीट लागणारा दरवाजा आता अडकत असेल, तर रंगाच्या दुकानात जायचं काही कारण नाही.

गंजाची ठिकाणं ठरलेली असतात. पावलांखालचा तळपत्रा, कारण रबरी मॅटखाली पाणी महिनोन् महिने राहतं. डिकीत स्टेपनीची खोलगट जागा. बॅटरीखालचा पत्रा, जिथे आम्ल सांडलेलं असतं. पुढच्या काचेच्या रबराखालची कड. दरवाजांचं बूड, कारण तिथली पाणी निघायची भोकं धुळीने बुजलेली असतात. हेडलाइटच्या मागची मडगार्डमधली वाटी, जिथे चाकाने उडवलेला चिखल साठतो. मुंबईची गाडी खाऱ्या हवेने सगळीकडून कुरतडली जाते. रायपूर समुद्रापासून दूर, त्यामुळे इथल्या गाडीचं छत आणि बोनेट पुष्कळदा शाबूत मिळतं. इथे गंज खालून चढतो, चौमासाभर ओल्या मातीवर उभी राहिल्याने. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात तिथे आत शिरलेला गंज फुगून जोड उकलतो. बाहेरून रंगाला बारीक फोड दिसतो आणि पेचकसाने टोचलं की हात आत जातो.

आता रायपूरचा विरोधाभास पाहा. हे लोखंडाचं गाव. उरला, सिलतरा इथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, तासाभराच्या आत भिलाईचा पोलाद कारखाना, जिथली पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तरीही पद्मिनीच्या तळासाठी लागणारा चांगला पत्रा इथे शोधावा लागतो. भिलाई रेल्वेचे रूळ करते, जाड प्लेटा करते. मोटारीचं अंग २० ते २२ गेजच्या, म्हणजे मिलिमीटरहून पातळ, थंड लाटलेल्या पत्र्याचं असतं. तो दुकानातून आणायचा आणि आणताना जस्ताचा मुलामा असलेला स्वस्त पत्रा गळ्यात पडू द्यायचा नाही, कारण वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत गेला की तापच भरतो.

हाताचंही तेच. टाटीबंधच्या बाजूला ट्रकांची कामं करणारे वेल्डर पुष्कळ आहेत आणि उत्तम आहेत, पण त्यांचा हात जाड लोखंडाला बसलेला. अँगल, चॅनल, ट्रकचा फाळका हे त्यांचं जग. तोच आर्क वेल्डिंगचा रॉड पद्मिनीच्या पत्र्याला लावला की जोड पडण्याऐवजी भोक पडतं, ते बुजवायला दुसरा टाका आणि शेजारी दुसरं भोक. इथे लागतो जुना डेंटर, ज्याने गॅसच्या बारीक ज्योतीवर पत्रा जोडायला शिकून घेतलंय, नाहीतर मिग मशीन असलेलं गॅरेज. टाकेसुद्धा एका दमात मारायचे नसतात. एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं तर पत्रा उष्णतेने पापडासारखा वळतो. आणि तळ कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप टाकून अंग बांधून घ्यायचं. नाहीतर नवा तळ बसेल, पण गाडी वाकडी बसेल.

घरी स्वतः करण्यासारखं काम याच्या आधीचं आहे. कंस, बिजागऱ्या, जॅकचे तुकडे, बोल्ट असे सुटे भाग गंजातून बाहेर काढायला प्लास्टिकचं घमेलं, धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरीचा चार्जर एवढं पुरतं. चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज काळा पडून ब्रशने निघतो. धन बाजूला स्टेनलेसची पट्टी कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. आणि हे काम उघड्यावर करायचं, कारण यात हायड्रोजन सुटतो. व्हरांड्यात बिडी ओढत बसणाऱ्या काकांना तेवढी रात्र दुसरीकडे बसवावं.

पत्र्याचं काम कुठल्या महिन्यात करायचं हेही रायपुरात ठरवून घ्यावं लागतं. जुलैत संध्याकाळी घासून पांढरा केलेला पत्रा सकाळपर्यंत तांबूस झालेला असतो, म्हणून घासलेल्या दिवशीच प्रायमर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा फवाऱ्यातून निघालेला रंग अंगाला चिकटायच्या आत सुकतो आणि हात फिरवला तर खरखर लागते. पावसाळ्यात जुन्या पद्धतीचा एनसी रंग मारला तर हवेतली ओल धरून त्यावर दुधी सावट येतं. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने, त्यातही सिलतऱ्याच्या बाजूची काळी धूळ घरात येते म्हणून ओली चादर टांगून. इथले पेंटर घाई करतात असं म्हणतात. खरं तर घाई मालकाची असते, मुलाच्या लग्नाची तारीख धरून. मग खड्डे लांबी भरून सपाट केले जातात. लांबी पत्र्यावरचा किरकोळ उंचसखलपणा मिटवायला असते, भोकं बुजवायला नाही. बोटभर लांबी भरलेलं मडगार्ड पहिल्या पावसाळ्यापर्यंत देखणं राहतं. अंदाज घ्यायचा असेल तर लहानसं लोहचुंबक खिशात ठेवावं आणि गाडी विकत घेतानाच फिरवून पाहावं. लांबीवर ते चिकटत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. १०८९ सीसी, चार सिलिंडर, चाळीस एक अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं नळाचं साधं पाणी भरलेलं असेल तर हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या निघतात, आणि एकदा तापून हेड वाकलं असेल तर लेथवाल्याकडून ते सपाट करून आणावं लागतं. बोर करणं, रिंगा, व्हॉल्व्ह बसवणं ही कामं करणारे मिस्त्री अजून आहेत. मुंबईचे टॅक्सीवाले उन्हाळ्यात गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, कारण पंपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ व्हायची आणि गाडी मध्येच बंद पडायची. रायपूरच्या मे महिन्यात ते फडकं गाडीत असू द्यावं. नवी अडचण पेट्रोलची. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. त्याने जुने रबरी पाइप फुगतात, आणि इथेनॉल पाणी ओढतं म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. पाइप नवे, इथेनॉलला टिकणारे लावायचे आणि टाकी अर्धी ठेवून गाडी झाकायची नाही.

ब्रेकवर मात्र काटकसर नको. चारही चाकांना ड्रम. जुन्या गाड्यांत सगळ्यांना मिळून तेलाची एकच वाट. एक पाइप फुटला तर चारही चाकं ब्रेकवाचून. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, धातूचे पाइप सगळं नवं. सुटे भाग रायपुरात मिळाले नाहीत तर नागपूर, तिथे नाही तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीत कश्मीरी गेट. सगळ्यात दुर्मीळ असतात बाहेरच्या क्रोमच्या पट्ट्या, काचेची रबरं, दिव्यांच्या काचा. म्हणून गाडी सोडवताना निघालेलं काहीही फेकायचं नाही. तुटका दिवासुद्धा साच्याचं काम करतो. "भैया, ये तो कबाड़ है," असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजावा आणि दिवा उचलून आत ठेवावा.

एक वाद नेहमी निघतो तो अस्सलपणाचा. कारखान्यातून निघाली तशीच हवी, असा हट्ट धरणारे आहेत. लालबहादूर शास्त्रींची १९६४ ची फियाट दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. पंतप्रधान असताना बारा हजारांच्या गाडीसाठी त्यांनी पाच हजारांचं कर्ज काढलं आणि ते त्यांच्या मागे ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून फेडलं. त्या गाडीचा एक स्क्रूही बदलू नये. पण अंगणातली पद्मिनी ही वस्तुसंग्रहालयातली नाही. तिने आयुष्यभर जुगाडानेच दिवस काढलेत. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवला, पुढच्या सीटना पट्टे लावले, तर मला ते पाप वाटत नाही. पट्टे तर हवेतच.

कायद्याचं मात्र अस्सलपणाशी घेणंदेणं आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण मग ती रोजच्या वापरासाठी नेता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. बाकीच्यांना नेहमीची मुदतवाढ, आणि तिचं शुल्क एप्रिल २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० झालं होतं. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला मज्जाव झाला, मुंबईत वीस वर्षांच्या नियमाने २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. रायपूरच्या खासगी गाडीवर वयाची अशी बंदी नाही. मात्र तपासणीत ब्रेक, दिवे, धूर पाहिले जातात, आणि त्याआधी पुस्तकावरचं नाव पाहिलं जातं. अशा गाड्या बहुधा वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, आणि घरातल्या सगळ्या भावाबहिणींची संमती असतेच असं नाही. म्हणून एकही पाना विकत घेण्याआधी हा कागद मिटवावा. दोन वर्षं राबून उभी केलेली गाडी आत्याच्या सहीसाठी अडून बसते.

सगळं जमलं, रिंगा नव्या बसवल्या, तर पहिले हजार किलोमीटर इंजिनाला ताण द्यायचा नाही. ताशी पन्नासच्या आसपास, वेग कमीजास्त करत. गावात गर्दीत गियर बदलून डावा हात दुखतो, कारण दांडा स्टिअरिंगलाच आहे. त्यापेक्षा पहाटे नवा रायपूरला जावं. तिथे रस्ते सहा पदरी, रिकामे आणि सपाट आहेत. हँडब्रेकवर फार विसंबू नये, थांबताना चाकामागे वीट लावायला एक माणूस बरोबर न्यावा. बिडीवाले काका यायला तयार असतात.