हौशी रेडिओ मंडळाची सभा
परवाना घेऊन, मोबदल्याविना बिनतारी संदेशवहन करणाऱ्या हौशी रेडिओचालकांच्या सभेत भाषणे थोडी, हातकाम फार. कोणी छतावर एरियल ताणतो, कोणी मोर्सचे ‘कडकट्ट’ गिरवतो. नवागतांकडून केंद्र शासनाच्या परीक्षेची तयारी करवून घेतली जाते. एरवी ठरलेल्या वेळी रेडिओवरच हजेरी होते. बाहेरच्यास हा पोरखेळ वाटावा. परंतु डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक असेच हौसेने पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेस भूकंप व त्सुनामीने दूरध्वनी ठप्प झाले, तेव्हा बेटांवरील आप्तांची खुशाली मुख्य भूमीस कळविण्याचे काम याच पथकाच्या यंत्रांनी केले. सभेत विजेऐवजी बॅटरीवर यंत्र चालवून पाहतात, ते यासाठीच.