एका ताटाला शंभर सल्ले: आहाराबद्दल अनोळखी लोकांचं किती ऐकायचं आणि त्यांना काय सांगायचं?

समजा, पन्नाशीतल्या एका ताईंनी डाएटच्या ग्रुपवर दुपारच्या जेवणाचा फोटो टाकला. ताटात दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर आमटी, थोडा भात आणि पापड. खाली एवढंच लिहिलं होतं, "शुगर कमी होत नाहीये. काय बदलू?"

अर्ध्या तासात उत्तरांची रांग लागते. कुणी म्हणतं भात बंद करा, कुणी म्हणतं पोळी सोडून भाकरी सुरू करा. कुणी रात्रीचं जेवणच सोडायला सांगतं. एक जण रोज सकाळी दुधीचा रस घ्यायला सुचवतो, तर दुसरा म्हणतो, "इनबॉक्समध्ये या, एक पावडर आहे."

यातले बहुतेक लोक मनापासून मदत करू पाहतात. काही सल्ले चांगलेही असतात. पण एक प्रश्न कुणीच विचारलेला नसतो, "ताई, तुम्ही गोळी कोणती घेता?"

आहाराबद्दल अनोळखी माणसांकडून मिळणारा सल्ला कधी उपयोगी पडतो आणि कधी अंगाशी येतो, याचं उत्तर बऱ्याचदा या न विचारलेल्या प्रश्नात असतं.

लोक अनोळखी माणसांना का विचारतात?

आयसीएमआरच्या 'इंडियाब' पाहणीचे देशभरातले निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना "काय खाऊ?" हा प्रश्न रोज पडतो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मात्र "गोड टाळा, चालायला जा" यापलीकडे बोलायला वेळ मिळतोच असं नाही.

महाराष्ट्रात तर आहार हा चहाच्या टपरीवरच्या गप्पांचा विषय झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलं की, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं आणि आपल्या मातीतलं खा, असं सांगत होत्या. २०१८च्या सुमारास घराघरांत "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" अशी चर्चा रंगायची.

ही चर्चा मोबाइलवर गेली आणि एकमेकांची ताटं तपासण्याची सवय लागली. सोबत कुणीतरी आहे, ही भावना त्यातून मिळते आणि ती खोटी नाही. अडचण आहे ती माहितीची.

फोटोत काय दिसत नाही?

ताटाच्या फोटोत पदार्थ दिसतात. भाजीत किती तेल पडलं, वाटी केवढी होती, दुसऱ्यांदा भात घेतला का, हे दिसत नाही. चार वाजताचा साखरेचा चहा आणि त्यासोबतची खारी तर फोटोत येतच नाही.

यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. अमेरिकेत १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, "कमी खाऊनही वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि ऊर्जेचा खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांचा चयापचय मंद असल्याचं आढळलं नाही. अभ्यासात मोजकेच लोक होते, पण खाण्याचा अंदाज घेताना माणूस किती चुकू शकतो हे त्यातून कळलं.

म्हणजे विचारणाऱ्याने अर्धं चित्र दिलेलं असतं आणि सांगणारा ते पूर्ण समजून उत्तर देतो.

"मला फरक पडला, तुम्हालाही पडेल"

डाएटच्या चर्चेत हे वाक्य सर्वाधिक वेळा दिसतं. सांगणाऱ्याचा अनुभव खरा असू शकतो. पण तो दुसऱ्याला लागू होईलच असं नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ जणांवर केलेला प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना कमी चरबीचा आणि अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा, पण दोन्ही बाजूंना चांगल्या प्रतीचा आहार सांगितला होता. वर्षभरानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचं ६ किलो उतरलं. दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. पण दोन्ही गटांत कुणाचं वजन ३० किलोच्या आसपास घटलं होतं, तर कुणाचं १० किलोपर्यंत वाढलं होतं.

साखरेचंही तसंच आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने ८०० लोकांच्या रक्तातली साखर आठवडाभर सतत मोजली. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की, तोच पदार्थ खाऊन एकाची साखर झपाट्याने वाढते, तर दुसऱ्याची फारशी हलत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे, ज्याचं वजन उतरतं तो आधीचा आणि नंतरचा फोटो टाकतो. ज्याला जमलं नाही किंवा त्रास झाला, तो गुपचूप बाहेर पडतो. त्यामुळे वाचणाऱ्याला यशाच्याच गोष्टी दिसतात.

दुसरं म्हणजे, पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की हा साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जातं. "सात दिवसांत तीन किलो" ही पोस्ट खरी असली तरी तेवढी चरबी गेलेली नसते.

सल्ला धोकादायक कधी ठरतो?

बटाट्याऐवजी गवारीची भाजी करा, या सल्ल्याने फारसं बिघडत नाही. पण सल्ला औषधाच्या वाटेत आला की गोष्ट बदलते.

*जेवण सोडणं:* ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधं जेवण होणार हे धरून दिलेली असतात. जेवण सुटलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर रक्तातली साखर ७०च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची आणि डॉक्टरांना कळवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

*भात-पोळी एकदम बंद:* डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं फारच कमी केली, तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. यात साखर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे निदानाला उशीर होऊ शकतो.

*लो सोडियम मीठ:* यात नेहमीच्या मिठातला काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. अनेकांसाठी ते चांगलं आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांच्या आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

*दुधीचा रस:* घरगुती आहे, म्हणून निर्धोक वाटतो. पण दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. २०१०मध्ये दिल्लीत असा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला. रस कडू लागला तर तो पिऊ नये, टाकून द्यावा, असं समितीने सांगितलं.

*भरपूर पालेभाजी:* हृदयाची झडप बदललेले लोक रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असतील, तर पालेभाजी अचानक खूप वाढवल्याने किंवा बंद केल्याने औषधाचा परिणाम कमीजास्त होतो.

कडू दुधी सोडला तर यात पदार्थ वाईट नाही. कुणाला सांगितला, ते चुकलं.

मग विचारायचं काय?

सोपा उपाय म्हणजे प्रश्नाचे दोन भाग करणं: स्वयंपाकघराचा प्रश्न आणि औषधाचा प्रश्न.

"डब्यात डाळ-उसळ रोज कशी बदलू?", "नाश्त्याला पोह्यांऐवजी काय करू?", "नाचणीची भाकरी तुटते, काय करू?", "लग्नाच्या पंगतीत गोडाला नाही कसं म्हणू?" हे स्वयंपाकघराचे प्रश्न. यांची उत्तरं रोज रांधणाऱ्या अनोळखी माणसाकडे डॉक्टरपेक्षाही चांगली असू शकतात. मटकी, चवळी, पिठलं, दही, अंडं यांचं आठवड्याचं गणित त्यांनी घरात बसवलेलं असतं.

"साखर १८० आली, कोणतं जेवण सोडू?", "क्रिएटिनिन वाढलंय, प्रोटीन पावडर घेऊ का?", "गरोदरपणात उपवास केला तर चालेल का?" हे औषधाचे प्रश्न. ते डॉक्टरांसाठी किंवा प्रशिक्षित आहारतज्ज्ञासाठीच राखून ठेवायचे.

आणि रिपोर्टचा फोटो टाकताना जरा थांबा. त्यावर नाव, वय आणि कधी कधी मोबाइल नंबरही असतो. स्वयंपाकघराचा प्रश्न विचारायला रिपोर्ट लागत नाही.

मिळालेला सल्ला पडताळायला राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात एकूण १७ मुद्दे आहेत. प्रथिनांसाठी संस्थेचं प्रमाण निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. "दीडशे ग्रॅम प्रोटीन हवंच" असं कुणी सरसकट सांगितलं, तर ते कुणासाठी, हे विचारायला हवं.

सांगणारा काही विकतोय का, हेही पाहा. आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपण प्रमाणित तज्ज्ञ असल्याचा दावा केला, तर आपली पात्रता जाहीर करावी, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या ऑगस्ट २०२३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आणि सांगताना?

सल्ला देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. समोरच्याने जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं. ताटाबद्दल विचारलं असेल तर शरीरावर बोलू नये. उत्तराआधी एक प्रश्न विचारावा, "काही औषध सुरू आहे का?" उत्तर 'हो' आलं, तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याचा सल्ला तिथेच थांबवावा.

"हे करा" यापेक्षा "मी हे केलं, मला कोणतीही गोळी नाही, तीन महिने लागले" हे वाक्य जास्त प्रामाणिक आहे. वाचणाऱ्याला आपली परिस्थिती ताडून पाहता येते. जमलं नाही तेही लिहावं, कारण तेच वाचायला मिळत नाही.

टोमणा मात्र कुणाच्याच कामाचा नाही. "एवढं खाल्ल्यावर दुसरं काय होणार?" असं लिहिणाऱ्याला आपण डोळे उघडतोय असं वाटतं. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लोकांची काही वर्षं पाहणी करून २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट दिसलं. सुरुवातीला स्थूल नसलेल्या ज्या लोकांना वजनावरून भेदभाव सहन करावा लागला, ते पुढे स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. लाजवल्याने वजन उतरत नाही. माणूस फक्त विचारणं थांबवतो.

त्या ताईंचं काय?

आता तोच फोटो पुन्हा पाहू. समजा, शंभरातल्या एकीने लिहिलं, "ताई, शुगरची गोळी सुरू असेल तर जेवण सोडू नका. आधी डॉक्टरांना विचारा. तोवर बटाट्याऐवजी एखादी हिरवी भाजी आणि जोडीला काकडी घेऊन पाहा. पडवळाची सोपी कृती हवी असेल तर सांगते."

या उत्तरात चमत्कार नाही, त्यामुळे त्याला लाइक्सही कमी मिळतील. पण ताईंच्या हातून काही विपरीत घडणार नाही. आणि रात्रीच्या जेवणाला पडवळाची भाजी होईल.