मागितल्याशिवाय द्यायचं नाही

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा लागण्याआधी एका बंद खोलीत जे घडतं, ते फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं. टेबलावर तक्रारदाराने आणलेल्या नोटा असतात, समोर दोन पंच. नोटांचे क्रमांक एकेक करून पंचनाम्यात उतरवले जातात. मग त्यांना अँथ्रासिन पावडर लावतात. साध्या उजेडात ती दिसत नाही. अतिनील दिव्याखाली धरली की निळसर चमकते. नोटा तक्रारदाराच्या खिशात जातात आणि निघण्यापूर्वी पंचांसमोर त्याला एक ताकीद दिली जाते. तीही पंचनाम्यात लिहिली जाते: समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात आपण ‘सापळा रचून रंगेहाथ पकडले’ एवढंच वाचतो. खटला मात्र त्या ताकिदीवर उभा राहतो. म्हणूनच सापळ्याआधी मागणीची पडताळणी करतात. मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या चमकणाऱ्या बोटांवर शिक्षा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं.

आता दुसरा सापळा पाहू. एक पोलीस अधिकारी संगणकासमोर बसतो. चॅटरूममध्ये किंवा एखाद्या ऑनलाइन खेळात तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने खातं उघडतो आणि वाट पाहतो. कोणी बोलायला आलं की वय सांगतो. पुढे काही दिवसांनी एक प्रौढ माणूस त्या ‘मुलीला’ भेटायला ठरल्या जागी येतो आणि त्याला अटक होते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे असे सापळे सर्रास लागतात. ते न्याय्य आहेत का?

दोन हरकती नेहमी घेतल्या जातात. मूल अस्तित्वातच नव्हतं, मग गुन्हा कोणाविरुद्ध झाला? आणि गळ पोलिसांनीच टाकला, तर अडकलेल्याचा दोष किती? पहिल्या हरकतीचं उत्तर सोपं आहे. दुसरीचं नाही.

पहिलीचं उत्तर आपल्याच कायद्यात १८६० पासून आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ५११ खाली गुन्ह्याच्या प्रयत्नाची दोन उदाहरणं दिली होती. एक माणूस दागिन्यांची पेटी फोडतो आणि पेटी रिकामी निघते. दुसरा कुणाच्या तरी खिशात हात घालतो आणि खिशात काहीच नसतं. दोघेही दोषी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६२ मध्ये तो रिकामा खिसा तसाच आहे. कायदा तिथे खिशात काय होतं हे विचारत नाही, हात कशासाठी घातला हे विचारतो. चॅटच्या पलीकडे मुलगी नव्हती, हवालदार होता, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याने हात घातला तो मुलीसाठीच.

दुसऱ्या हरकतीसाठी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगायला हवी. १९८४ मध्ये त्याने अल्पवयीन मुलांची नग्न छायाचित्रं असलेली दोन मासिकं टपालाने मागवली. तेव्हा ते बेकायदा नव्हतं. त्याच वर्षी कायदा बदलला. मासिक विकणाऱ्या दुकानाच्या यादीत त्याचं नाव सापडलं आणि सरकारी यंत्रणा त्याच्या मागे लागल्या. त्यांनी बनावट संस्था उभ्या केल्या, प्रश्नावल्या पाठवल्या, एक खोटा पत्रमित्रही तयार केला. लैंगिक स्वातंत्र्यावर घाला येतोय, आपण लढलं पाहिजे, असा मजकूर त्याच्या घरी येत राहिला. हे २६ महिने चाललं. शेवटी १९८७ मध्ये त्याने एक मासिक मागवलं आणि अटक झाली. घराच्या झडतीत सरकारने पाठवलेलं आणि ती जुनी दोन मासिकं सोडून काही मिळालं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. सरकारशी गाठ पडण्यापूर्वी हा माणूस हा गुन्हा करायला तयार होता, हे सरकारला सिद्ध करता आलं नाही. जेकबसन खटला म्हणून तो निकाल आजही अशा प्रत्येक प्रकरणात पुढे येतो.

त्याहून अस्वस्थ करणारं प्रकरण इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातलं आहे. हवाई दलातून बाहेर पडलेला, घटस्फोट झालेला, एकाकी माणूस ऑनलाइन जोडीदार शोधत होता. त्याला ‘शॅरन’ भेटली. ती सरकारी एजंट होती. तीन लहान मुलींची आई म्हणून ती बोलत होती. त्याने लग्नाची तयारी दाखवली, मुलींना आपल्याच मुलींसारखं वागवीन असं लिहिलं. शॅरनला तेवढं नको होतं. तिला मुलींसाठी एक ‘खास शिक्षक’ हवा होता आणि ‘खास’ म्हणजे काय, हे ती पुन्हा पुन्हा सुचवत राहिली. सहा महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर तो फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला पोचला आणि पकडला गेला. २००० मध्ये अपील न्यायालयाने त्याला सोडलं.

तो माणूस निष्पाप होता असं मी म्हणत नाही. अखेरीस तो कॅलिफोर्नियाला गेला, हे खरंच. पण मागणी कोणी केली? नकाराची वाट कोणी अडवली? आपल्या खोलीतल्या त्या पंचनाम्याचा निकष लावला तर इथे तक्रारदारानेच नोटा समोरच्याच्या खिशात कोंबल्या होत्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद फार लवकर ओळखला होता. १९५४ मध्ये शिव बहादूर सिंग खटल्यात त्याने बजावलं की भ्रष्टाचार उघड करायला सापळा लावावा लागतो हे मान्य, पण ज्याच्याकडे लाचेचे पैसेच नाहीत त्याला पोलिसांनी ते पुरवून गुन्हा घडवून आणणं समर्थनीय नाही. दोन वर्षांनी रामजनम सिंग खटल्यात न्या. विव्हियन बोस यांनी आणखी पुढचा मुद्दा मांडला. माणसाची प्रवृत्ती कशीही असो, कायद्याच्या रक्षकांनी त्याच्या दुबळ्या संयमापलीकडे त्याला मोहात पाडायचं नाही, ही अपेक्षा ठेवण्याचा त्याला हक्क आहे. बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. 

आणि गळ टाकणारे पोलीसच नसतील, तर? नोव्हेंबर २००६ मध्ये टेक्सासमध्ये डलासजवळच्या मर्फी गावात ‘टू कॅच अ प्रेडेटर’ या एनबीसीच्या कार्यक्रमाने एक घर घेतलं. मुलं बनून चॅट करण्याचं काम ‘परव्हर्टेड जस्टिस’ नावाचा स्वयंसेवी गट करत होता. त्याला वाहिनी मोबदला देत होती. घरात छुपे कॅमेरे, बाहेर पोलीस. चार दिवसांत वीसहून अधिक पुरुष आले आणि कॅमेऱ्यांसमोर पकडले गेले. शेजारच्या परगण्यातला एक सहायक सरकारी वकीलही तेरा वर्षांच्या मुलाच्या नावाने चालवलेल्या खात्याशी बोलला होता, पण तो त्या घरी आलाच नाही. मग पोलीस वॉरंट घेऊन त्याच्या गावी गेले. कॅमेरेही गेले. पोलीस दार फोडून आत शिरले तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडली.

त्याच्या बहिणीने वाहिनीवर दावा लावला. २००८ मध्ये न्या. डेनी चिन यांनी तो फेटाळायला नकार दिला. पत्रकारितेची मर्यादा ओलांडून वाहिनीने पोलिसी कामात बेजबाबदार ढवळाढवळ केली, असा निष्कर्ष ज्युरी काढू शकेल, असं त्यांनी म्हटलं. दावा पुढे तडजोडीत मिटला. दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. मर्फीत पकडलेल्या एकाही माणसावर तिथल्या सरकारी वकिलांनी खटला चालवला नाही. पुरावा बाहेरच्यांनी गोळा केलेला, अधिकारक्षेत्राचा पत्ता नाही. म्हणजे त्यांतला जो खरोखर मुलांसाठी धोकादायक होता, तोही टीव्हीवर बदनाम होऊन घरी गेला. बदनामी म्हणजे शिक्षा नव्हे. पुढच्या मुलाला ती वाचवत नाही.

तरीही सगळे खाजगी सापळे सरसकट मोडीत काढता येत नाहीत. ग्लासगोत एका गटाने तेरा वर्षांच्या मुलाच्या नावाने डेटिंग अ‍ॅपवर खातं उघडलं; भेटायला आलेल्या माणसाला पार्टिक स्टेशनजवळ अडवून पोलिसांच्या हवाली केलं. त्याचा युक्तिवाद खाजगीपणाच्या हक्काचा होता. जुलै २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला: मुलाला उद्देशून केलेला लैंगिक संवाद हा संरक्षण मिळावं असा खाजगी संवादच नव्हे. निकाल पटतो. पण पुरावा चालला म्हणून स्टेशनवर घोळक्याने एखाद्याला घेरणं योग्य ठरत नाही. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी होते. मुलांची काळजी हेच त्या जमावाच्या तोंडी होतं.

दिल्लीतली २००७ ची गोष्टही विसरता येत नाही. एका वाहिनीने एका शिक्षिकेवर विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ढकलल्याचं ‘स्टिंग’ दाखवलं. जमावाने तिला मारहाण केली, नोकरी गेली, अटक झाली. स्टिंग बनावट निघालं. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन मार्गदर्शक सूचना सुचवल्या. २०१४ मध्ये रजत प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, लोकहिताचं नाव घेतलं म्हणून स्टिंग करणाऱ्याचा स्वतःचा गुन्हा पुसला जात नाही, असं बजावलं.

मग मी अशा सापळ्यांच्या बाजूने का आहे? एका कारणासाठी. पॉक्सोखालच्या इतर बहुतेक खटल्यांत एका मुलाला न्यायालयात यावं लागतं. कायदा पडद्याची सोय करतो, आरोपी समोर दिसू नये म्हणतो, तरी जे झालं ते त्या मुलाला पुन्हा शब्दांत सांगावंच लागतं. सापळ्याच्या खटल्यात साक्षीला एकही मूल नसतं. कुणाचंही काही बिघडण्याआधीच तो माणूस थांबवलेला असतो. कायद्याच्या सगळ्या यंत्रणेत असा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

गरज किती आहे, हे २०१३ मध्ये दिसलं. नेदरलँड्सच्या ‘तेर दे झॉम’ या संस्थेने ‘स्वीटी’ नावाची संगणकावर घडवलेली दहा वर्षांची फिलिपिनो मुलगी चॅटरूममध्ये बसवली. कार्यकर्त्यांनी स्वतःहून काही मागायचं नाही, समोरून मागणी आली तरच बोलायचं, हा नियम होता. दहा आठवड्यांत वीस हजारांहून अधिक माणसांनी तिच्याशी संपर्क साधला. त्यांतल्या ७१ देशांतल्या १,००० जणांची माहिती इंटरपोलला दिली गेली. अमेरिकेतले २५४, ब्रिटनमधले ११० आणि भारतातले १०३. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात समोरचं मूल काल्पनिक असलं तरी चालतं, असं स्पष्ट लिहिलेलं असल्याने ब्रिस्बेनमध्ये वर्षभरात पहिली शिक्षा झाली. खुद्द नेदरलँड्समध्ये मात्र २०१३ मध्ये न्यायालयाने, मूल खरं नव्हतं म्हणून, पोलिसी सापळ्यातला आरोपी सोडला होता. तिथे २०१९ मध्ये कायदा बदलला.

आपण नेमके त्या जुन्या डच जागी आहोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधात ओढणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं. पॉक्सोचं कलम ११ डिजिटल साधनांनी मुलाचा पाठलाग करणं हा लैंगिक छळ मानतं, कलम १८ प्रयत्नाला शिक्षा देतं. पण सगळीकडे शब्द ‘मूल’ आहे, आणि मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. हवालदार त्यात बसतो का? रिकाम्या खिशाचं उदाहरण देऊन बसवता येईल असं मला वाटतं. पण पन्नाशीतल्या बापमाणसाला तुरुंगात पाठवताना कायदा ‘बसवून’ घ्यावा लागू नये. तो लिहिलेला असावा.

काय लिहावं, हे शोधायला लांब जायला नको. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी गर्भलिंग निदान करणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध वर्षानुवर्षं गरोदर स्त्रियांच्या मदतीने सापळे लावले; सरकारी अधिकारी सोबत घेऊन, पंचनामा करून. तीच शिस्त इथे हवी. सापळा पोलिसांनीच लावावा, वरिष्ठांच्या लेखी परवानगीने. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रॅमेल्सन खटल्यात सांगितलं तसं, ठोस संशय असलेल्या मर्यादित ऑनलाइन जागेतच लावावा, वाटेल त्याच्या मागे लागू नये. वय पहिल्याच संधीला सांगावं. लैंगिक विषय आणि भेट, दोन्ही समोरूनच यायला हवं. समोरचा मागे सरला तर त्याला जाऊ द्यावं. आणि संवाद पहिल्या ‘हाय’पासून शेवटपर्यंत, एक ओळ न गाळता, न्यायालयात यावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र किती महत्त्वाचं आहे हे जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलेलंच आहे.

तोवर पालकांना एकच विनंती. मुलाच्या फोनवर असा संवाद दिसला तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याच्या नावाने स्वतः चॅट करून गळ टाकायला जाऊ नका. खटला तिथेच कच्चा होईल. संदेश पुसू नका, चित्रं कुणाला पुढे पाठवू नका, पोलिसांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. फोन बाजूला ठेवा आणि १०९८ ला फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे महिला व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी नाव न सांगता तक्रार करण्याची सोय आहे.